हौद्यातल्या दोन जागा

११ फेब्रुवारी

आजही फाटकात उभी राहून हात हलवला. जीप वळणाआड गेली, डिझेलचा वास तेवढा मागे राहिला आणि मी आत येऊन आईंच्या चहाचं आधण ठेवलं. रोजचंच. पण आज पाणी उकळून निम्मं झालं तरी माझा पत्ता नाही, कारण फोन आला!

टाकीच्या कठड्याच्या एका कोपऱ्यात तेवढी रेंज येते. तिथे वाऱ्यात पदर सावरत बोलले. चिमणीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "आमच्या ग्रंथालयाच्या बाई सोडून चालल्यात. तुम्ही लग्नाआधी ग्रंथालयातच होतात ना? एक एप्रिलपासून याल?" मी पटकन हो म्हणून टाकलं. विचारही केला नाही. इतकं पटकन तर मी लग्नालाही हो म्हटलं नव्हतं.

फोन ठेवला आणि मग आठवलं. मला खाली जायला जागाच नाही.

म्हणजे खरोखरची जागा, बसायची. आम्ही चार माणसं. फौजी — माझा नवरा, तोंडावर अहो, इथे फौजी — त्याची आई, चिमणी आणि मी. गावाला पाणी देणारी टाकी डोंगरावर, ती सांभाळायची नोकरी त्याची, म्हणून आमचं क्वार्टर टाकीला चिकटून. मागच्या वर्षी रस्ता खचला आणि आमची छोटी गाडी दगडांवर पोट घासायला लागली. फौजी लष्कराच्या लिलावात गेला. सैन्यात होता तेव्हा चालवायचा तसलीच जीप त्याला तिथे दिसली आणि गडी पाघळला. छोटी गाडी विकून ही घेऊन आला. चारही चाकं ओढणारी, कुठेही चढणारी, आणि सीट दोन! मागे नुसता सामानाचा हौदा. कागदावरही माणसं दोनच. चार माणसांचं घर आणि दोन माणसांची गाडी — कपाळावर हात मारून घ्यायचा नाहीतर काय!

एका सीटवर फौजी, दुसरीवर शाळेला जाणारी चिमणी. उरलो आई आणि मी. आईंना एकटं सोडता येत नाही, दोनदा न्हाणीघरात पडल्या आहेत. एक फेरी व्हायला दीड तास, शिवाय सकाळ-संध्याकाळ पंप सुरू करायला फौजी वर हवाच. चिमणीला सोडणं-आणणं यातच त्याची ओढाताण. तिसरी फेरी होत नाही. पायवाट आहे, पण ती उतरून नोकरी करून परत चढायची म्हणजे मी डोंगरातली शेळी हवी.

म्हणून मी इथे. मागच्या वर्षभरात मी खाली किती वेळा गेले ते मोजतच नाही. मोजलं तर रडू येईल.

१२ फेब्रुवारी

सांगितलं. फौजी पंपाच्या वंगणात कोपरापर्यंत बुडालेला होता. वर न बघताच म्हणाला, "एक एप्रिल? चेष्टा तर केली नाही ना तुझी?" हसला मेला! मग, "आणि आईला कोण बघणार?"

मी रात्रभर घोकून ठेवलेलं सगळं एका दमात म्हटलं. वन्संचं घर शाळेच्या समोर. दिवसभर आई आपल्या लेकीकडे, मी शाळेत, संध्याकाळी सगळे वर. वन्संना मी आधीच विचारलंय, त्या म्हणाल्या, "आण गं, मी कधीची म्हणतेय." फक्त चौघांना एका फेरीत न्यायचं. म्हणजे मागे दोन सीट बसवायच्या.

फौजीने मान खाजवली. आणि मग चेहरा उजळला — माझ्या नोकरीने नव्हे, कामाने. "हौद्यात बाकडी टाकतो की. फौजेत असंच असतं."

त्याला हातोडीचं निमित्त मिळालं आणि मला नोकरीचं. असो. काम झाल्याशी मतलब.

१८ फेब्रुवारी

बाकडी झाली! हौद्याच्या दोन्ही कडांना एकेक लांब फळी, समोरासमोर, लोखंडी पायांवर वेल्डिंग करून. फौजी दिवसभर शीळ घालत होता. मी जुन्या ताडपत्रीची खोळ शिवायला घेतलीय, आत दोन बोटं जाड स्पंज.

आई खिडकीतून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, त्यांच्या न बोलण्याचा अर्थ लावत बसावं लागतं.

१९ फेब्रुवारी

खोळी शिवून झाल्या. दोनदा सुई बोटात गेली. काही वाटलं नाही!

२४ फेब्रुवारी

नापास.

फौजी गाडी तपासून घ्यायला परिवहन कार्यालयात गेला होता, परत आला तो सरळ पंपघरात. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "निरीक्षक एक बाई आहे." असं म्हणाला, जसं काही सगळं त्यामुळेच अडलं.

मग एकेक तुकडा बाहेर पडला. आधी परवानगी काढायची, मग बदल करायचा. "तुम्ही वरात उलटी आणलीत" असं म्हणाली म्हणे. दुसरं, आडवी बाकडी अजिबात चालत नाहीत. तोंड पुढे, पाठ पाठीला टेकलेली आणि प्रत्येकाला खांद्यावरून येणारा पट्टा. तिसरं, रंग. सैन्याचा हिरवा रंग साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही. "गाडी सैन्यातून निघाली ना? मग रंगही उतरवा." हे शेवटचं त्याच्या जिव्हारी लागलं होतं, ते मला दिसलं.

"मी सांगितलं तिला, असल्याच बाकड्यांवर आम्ही बारा-बारा जण बसायचो."

"मग काय म्हणाली?"

"म्हणाली, ते जवान होते. यावर कोण बसणार?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"आई."

"मग?"

"मग काय. मग मीच गप्प झालो."

त्याच्याबद्दल एक बोलायला हवं, हरलेली गोष्ट तो लपवत नाही. मी असते तर बाईचं नावसुद्धा काढलं नसतं.

२५ फेब्रुवारी

रंगावरून घरात महायुद्ध. चिमणीला पिवळा हवा. फौजी म्हणाला, "शाळेची बस आहे का ती?" मी म्हटलं, तशी शाळेचीच आहे. शेवटी राखाडी ठरला. कुणालाच नको होता म्हणून!

परवानगीचा अर्ज गेला. आता वाट बघा.

२७ फेब्रुवारी

आज आईंशी वाजलं. म्हणजे मी वाजवलं, त्या नुसत्या बसून होत्या.

पाठ चोळून देताना मी सहज म्हटलं, एक तारखेपासून तुम्ही दिवसभर वन्संकडे, मजा आहे तुमची. तर म्हणाल्या, "माझं काय. न्याल तिथे जायचं, ठेवाल तिथे बसायचं." झालं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, आई, तुम्हाला यायचं नसेल तर तसं सांगा ना सरळ. "मी कुठे काय म्हटलं?" म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे केलं.

हे असंच असतं. नाही म्हणत नाहीत आणि हो तर मुळीच म्हणत नाहीत. मी दार लोटून पाणी भरायला जरी गेले तरी आतून हाक येते, "कुठे गेलीस गं?" कुठे जाणार मी? डोंगराच्या टोकावर कुठे जाणार? सरकारने एक फाटक दिलंय, नवऱ्याने गाडी दिलीय दोन सीटची, आणि पहारेकरी म्हणून ही म्हातारी. इथे लिहिलं म्हणून मनातून जात नाही, पण निदान तोंडातून तरी निघत नाही.

४ मार्च

आज जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही.

सकाळी चिमणी पुढे बसली, फौजी इंजिन गरम करत होता. मी गेले आणि हौद्यात चढून बसले. पत्र्यावर, गुडघे पोटाशी घेऊन. का? माहीत नाही. खाली काही काम नव्हतं. आई आत एकट्या होत्या हेही डोक्यात नव्हतं. फक्त फाटकात उभं राहायचं नव्हतं. एक दिवस!

फौजीने आरशात पाहिलं. इंजिन बंद केलं. किल्ली काढली, खिशात टाकली आणि समोर बघत बसला.

"चला ना."

"कागदावर दोन आहेत."

"एक दिवस!"

"दोन म्हणजे दोन."

मागे आईंना असंच स्टेपनीवर बसवून नेलं होतं, तेव्हा खाली पोलिसाने धरलं होतं. पोलिसाचं एवढं नाही, पण नंतर विमेवाल्याने त्याला समजावलं — मागे बसलेल्याला काही झालं तर तो माणूस आमच्या हिशेबी गाडीत नव्हताच. ते वाक्य फौजीच्या डोक्यात जे रुतलं ते रुतलं. गाडीत होता, तरी नव्हता! तेव्हापासून हौद्यात मांजरसुद्धा बसू देत नाही.

मला हे सगळं माहीत होतं. तरी मी उतरले नाही. तोही हलला नाही. चिमणी एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाली, "आई, माझी प्रार्थना चुकेल."

उतरले. साडीला गंज लागला होता. हात हलवला नाही.

५ मार्च

फौजी बोलत नाही. मीही नाही. आई दोघांशी बोलतात, तेही हवामानाबद्दल.

७ मार्च

परवानगी आली!! कागद घेऊन फौजी वळणापासूनच हॉर्न वाजवत आला. अबोला सुटला तो त्या हॉर्नने. मान्यता असलेल्या गॅरेजमध्येच काम करून घ्यायचं अशी अट आहे. असलं गॅरेज इथे एकच, थंड्याचं. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत नसेल. पाना उचलायच्या आधी तो पान्याकडे थोडा वेळ बघतो.

"चार दिवसांत देतो" म्हणालाय. म्हणजे देव जाणे.

९ मार्च

जीप थंड्याकडे. चिमणी तेवढे दिवस वन्संकडे. फौजी पायवाटेने चढून आला, गुडघे धरून, घामाने निथळत. आता घरात आम्ही तिघं आणि गाडी नाही. कुणालाच कुठे जाता येत नाही.

सांगू का? मला आतून गुदगुल्या होतायत.

१२ मार्च

फौजीला घरात राहणं जमत नाही! पंप सुरू करून येतो, मग काय करू? परवा त्याने स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे रांगेत लावले. मीठ सापडेना. काल चपलांची रांग. आज सकाळपासून पाच वेळा फाटकापर्यंत जाऊन आला. तिथे उभा राहून वळणाकडे बघतो. काय दिसणार तिथे?

दुपारी म्हणाला, "इथे दिवस संपतच नाही का गं?"

मी डाळ निवडत होते. मान वर केली तर आईही माझ्याकडेच बघत होत्या. आणि आम्ही दोघी हसत सुटलो! आईंना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, मी पाठीवर थापट्या मारतेय आणि स्वतःही हसतेय. फौजी म्हणतो, "काय झालं काय? मी काय बोललो?" कुणी सांगायचं त्याला!

इतक्या वर्षांत आईंबरोबर असं हसल्याचं आठवत नाही.

१६ मार्च

गाडी आली. राखाडी. मला वाटलं होतं तेवढी वाईट नाही दिसत, पण फौजी तिच्याकडे अजून तिरका बघतो.

मागे दोन सीट! मोडीत निघालेल्या एका घरगुती गाडीच्या, पण धड. तोंड पुढे. पाठ उंच, डोकं टेकायला उशी. प्रत्येकीला काळा पट्टा, खांद्यावरून कमरेपर्यंत. हौद्यात चढायला मागे पायरी पण बसवलीय, आईंसाठी.

सगळे आत गेल्यावर मी जाऊन बसले. पट्टा ओढला, खाचेत सरकवला. कट्! इतका बारीक आवाज. जीप अंगणात उभी, इंजिन बंद, समोर टाकीची भिंत आणि मी पट्टा लावून बसलेय, मूर्खासारखी. कुणीतरी आपल्याला मोजलं असं वाटलं. मग रडले. वेडेपणा आहे, पण खरं आहे.

२० मार्च

पुन्हा नापास.

या वेळी मला ओरडायलाही जमलं नाही. निरीक्षक बाई म्हणे अंगावर डगला चढवून, वेणी आत खोचून सरळ गाडीखाली शिरली. वरून सगळं बरोबर. सीट बरोबर, पट्ट्यांवरचे शिक्के बरोबर. खालून बघितलं तर थंड्याने बोल्ट नुसते हौद्याच्या पत्र्यात मारलेले! खाली जाड लोखंडी पट्टीच नाही. "हा पत्रा कागदासारखा फाटेल. धडक बसली तर माणूस पट्ट्यासकट, सीटसकट उडेल. पट्टा लावून उडेल, एवढाच फरक." फौजीने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज बारीक झाला होता. "बाई बरोबर आहे" म्हणाला. "मी बघायला पाहिजे होतं. मी वरूनच बघितलं."

थंड्या म्हणाला, "हो, राहिलं खरं." बस, एवढंच!

पुढची तारीख चार एप्रिल.

मुख्याध्यापिकांना फोन केला. चार दिवस थांबाल का म्हणून. अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मला थांबता येणार नाही हो. दुसऱ्या एक बाई तयार आहेत. एक तारखेला तुम्ही आलात तर तुम्ही, नाहीतर त्या."

२१ मार्च

काही लिहायचं नाही.

२३ मार्च

थंड्या म्हणाला, गाडी ठेवून जा, बघतो. फौजीने त्याला हात जोडले आणि जाड पट्ट्या तेवढ्या उचलून वर आणल्या. बसवून झाल्या की थंड्या तपासून शिक्का मारणार. शिक्का त्याचा, मेहनत आमची. आज दुपारभर दोघांनी मिळून बसवल्या. तो वर हौद्यात, बोल्ट फिरवायला. मी गाडीखाली उताणी, खालचा नट पान्याने धरून ठेवायला, नाहीतर तो सोबत फिरतो. डोळ्यांत माती, नाकात ग्रीस, केसांत काय काय.

"धर घट्ट."

"धरलंय."

"हं. सोड. पुढचा."

असं बराच वेळ. मग वरून आवाज आला, "इतकं नको झालंय का तुला इथे?"

मध्ये पत्रा होता. त्याचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं त्याला. म्हणून तो विचारू शकला असणार. आणि म्हणूनच मी सांगू शकले.

"हो."

पाना थांबला. मग पुन्हा फिरला, सावकाश.

"माझ्यामुळे?"

"नाही. तुम्ही वाईट नाही."

"मग?"

"तुम्ही दोघं सकाळी जाता. मी फाटक लावते. मग संध्याकाळी उघडते. मधे काही नसतं हो. मधे मी कुठे आहे हे मला पण कळत नाही."

मला वाटलं, झालं, आता फौजेतलं काहीतरी सांगेल. नाही सांगितलं. म्हणाला, "शेवटचा राहिला. धर घट्ट."

बाहेर आले तेव्हा त्याने स्वतःच्या रुमालाने माझं कपाळ पुसलं. रुमाल माझ्या कपाळापेक्षा काळा होता.

२६ मार्च

चिमणीने फोडलं. बाबा रोज तिला सोडल्यावर कार्यालयाच्या दारात जाऊन उभा राहतो म्हणे. कुणाची तारीख रद्द झाली, कुणी आलं नाही, तर मधे घुसायला. सैन्यातल्यासारखा ताठ, फायलीसकट. "तिथले काका म्हणतात, आज पण आलात का! बाबा म्हणतो, उद्या पण येणार."

मला बोलला नव्हता. ताकास तूर लागू दिली नाही!

मीही कळल्याचं दाखवलं नाही. रात्री भाजीत त्याला आवडतो तसा लसूण जास्त घातला.

२८ मार्च

पास!!!

एक टेम्पोवाला आला नाही आणि फौजी घुसला. निरीक्षक बाई परत गाडीखाली. प्रत्येक नट हाताने हलवून पाहिला. बाहेर येऊन कपडे झटकत म्हणाली, "आता कुठे गाडी झाली." मग सही. आसनक्षमता चार. चार! विमेवाल्याकडेही नोंद करूनच वर आला.

"पट्ट्या कुणी बसवल्या, विचारत होती," फौजी म्हणाला. "मी सांगितलं, वरून मी, खालून बायको."

मी कागद तीनदा वाचला. चिमणी अंगणात नाचत होती. आईंना सांगायला गेले तर म्हणाल्या, "झालं का? बरं झालं." आणि पुन्हा भिंतीकडे. एवढ्या धडपडीनंतर "बरं झालं"! माझ्या आनंदावर विरजण घालायला एवढं पुरे असतं. आता एक तारखेपासून रोज सकाळी वाकडं तोंड घेऊन बसतील शेजारी. बसू देत. मी बाहेर बघेन.

३१ मार्च

उद्याची साडी काढून ठेवली. परत ठेवली. दुसरी काढली. फौजीने चाकांची हवा बघितली, पट्टे ओढून बघितले, मग पुन्हा हवा. आईंनी संध्याकाळीच नखं कापून घेतली माझ्याकडून. "लेकीकडे जायचं तर बरं दिसायला हवं," म्हणाल्या. दिवसभरासाठी पिशवी भरलीय, चांगलीच फुगलेली. मी म्हटलं, आई, संध्याकाळी परत यायचंय! "असू दे," म्हणाल्या.

झोप येत नाही.

१ एप्रिल, मधली सुट्टी

ग्रंथालयातून लिहितेय! माझ्या टेबलावरून!

सकाळी आईंना पायरीवरून चढवलं, फौजी खालून, मी वरून. पट्टा मी लावून दिला. जीप फाटकातून बाहेर पडली आणि फाटक लावायला फौजीच उतरला. मी बसूनच राहिले. मागे वळून बघितलंही नाही.

उतारावर पहिलं मोठं वळण आलं तेव्हा आईंनी माझा हात धरला. भीती वाटतेय का विचारलं तर मान हलवली. नाही म्हणून. मग रस्ताभर हात सोडला नाही आणि तोंड बाहेर. वाऱ्याने केस उडत होते, सावरलेही नाहीत. मी म्हटलं, वारा लागेल, डोक्यावर पदर घेऊ का? "राहू दे गं."

ग्रंथालय म्हणजे एक लांब खोली, सात कपाटं, दोन खिडक्या, त्यातली एक उघडतच नाही. पुस्तकं कशीही कोंबलेली, भूगोलात गोष्टी आणि गोष्टींत व्याकरण. बघूनच हात शिवशिवले. पहिल्याच तासाला चौथीचा वर्ग धाडधाड आत आला. एकाने विचारलं, "तुम्ही नवीन आहात का?" म्हटलं, हो. खूपच नवीन!

धूळ नाकात गेलीय, शिंका थांबत नाहीत. इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.

१ एप्रिल, संध्याकाळ

वन्संच्या दारात हॉर्न वाजवला. वन्सं एकट्याच बाहेर आल्या. "आई येत नाही म्हणते."

आत गेलो. आई पलंगावर, पाय पसरून. पिशवी रिकामी, लुगडी कपाटात लावलेली.

फौजी म्हणाला, "आई, चल. पंपाची वेळ होतेय."

"तू जा. पंप तुझा आहे."

"बरं नाही का वाटत?"

"चांगलं वाटतंय. म्हणून तर नाही येत. परत वर नको नेऊस मला."

"मग आधी का नाही बोललीस?"

"कुणाशी बोलू? तू दोन म्हणजे दोन म्हणणारा."

मग माझ्याकडे बघितलं. याच वहीत मी जिला पहारेकरी म्हटलं, तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "तुला नोकरी होती, म्हणून सीट लागली. मला नुसतं उतरायचं होतं गं. नुसतं उतरायला कोण सीट लावून देतं?"

चिमणी आणि मी आजची रात्र आईंजवळ इथेच राहतोय. फौजी एकटा वर गेला.